केशवाचा माधव होतो तेव्हा

मोबाईलवर विष्णूचं चित्र आरशात दिसावं तसं उलटं करून बघा. चित्राची शोभा जराही कमी होत नाही, पण केशवाचा माधव होतो. नारायणाचं चित्र उलटं केलं तर तो गोविंद होतो. यामागे मूर्तिशास्त्राचा साधा हिशोब आहे. देवांच्या हातातल्या वस्तूंचा 'अर्थ' सांगणारे इतके मजकूर रोज फिरत असतात की हा हिशोब मागे पडलाय, म्हणून सुरुवात त्यानेच करू.

विष्णूला हात चार, त्यात वस्तू चार: शंख, चक्र, गदा, पद्म. चार वस्तू चार हातांत वाटून देण्याच्या रीती ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. संध्येत आचमनाच्या वेळी 'केशवाय नमः' पासून 'श्रीकृष्णाय नमः' पर्यंत जी नावं म्हणतात तीही २४. प्रत्येक नावाची एक वेगळी मांडणी ठरलेली आहे. अग्निपुराणाच्या ४८ व्या अध्यायात ही यादी आहे, आणि वस्तू 'प्रदक्षिणम्' मोजायच्या हेही तिथेच सांगितलंय. रूढ क्रम असा: मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून निघायचं, उजव्या वरच्या हाताकडे जायचं, तिथून डाव्या वरच्या आणि शेवटी डाव्या खालच्या. समोर उभं राहून बघणाऱ्याला हे घड्याळाच्या काट्यांसारखं फिरताना दिसतं, देवळात आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने.

आता पहिली चार नावं घ्या. मुंज झालेल्या प्रत्येक मुलाला ही पाठ असतात. तीन नावांनी पाणी प्यायचं, चौथ्याने सोडायचं. केशव म्हणजे पद्म, शंख, चक्र, गदा. नारायण म्हणजे शंख, पद्म, गदा, चक्र. माधव म्हणजे गदा, चक्र, शंख, पद्म. गोविंद म्हणजे चक्र, गदा, पद्म, शंख. केशवाची ओळ शेवटाकडून वाचली की माधवाची मिळते, नारायणाची शेवटाकडून वाचली की गोविंदाची. चित्र उलटं होतं तेव्हा हेच घडतं: उजवा खालचा हात डावा खालचा होतो, उजवा वरचा डावा वरचा होतो आणि क्रम उलट फिरतो.

बहुतेक चुका इथेच होतात. 'उजवा हात' म्हणजे मूर्तीचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे. मूर्ती समोर असेल तर तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. दुसरी चूक छपाईतली. पत्रिकेवर किंवा मांडवाच्या फ्लेक्सवर दोन बाजूंना दोन देव समोरासमोर हवे म्हणून डिझायनर एक चित्र आडवं उलटवतो. त्यात डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, कृष्णाची बासरी भलत्याच बाजूला जाते आणि जानवं उजव्या खांद्यावर येतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, चित्र उलटलंय का हे ओळखायला याहून सोपी खूण नाही. देवाचं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीखाली जातं. उजव्या खांद्यावर दिसलं तर ते अपसव्य झालं, श्राद्धात पितरांसाठी करतात तसं. लग्नपत्रिकेवर असा देव छापला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते टाळायला छापण्याआधी अर्धा मिनिट पुरतो.

चोवीस विष्णू कोरलेले बघायचे असतील तर गुजरातमधल्या पाटणच्या राणी की वावमध्ये जावं. ११ व्या शतकात राणी उदयमतीने बांधवलेली ही विहीर सध्याच्या जांभळ्या शंभराच्या नोटेच्या मागे छापलेली आहे. जाताना चार नावांचे क्रम कागदावर लिहून न्या. आयुधांवर बोट धरून मोजायला लागलं की दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते आणि मग ज्या मूर्ती एकसारख्या वाटत होत्या त्या वेगवेगळ्या दिसू लागतात.

या विषयाचा मोठा आधार तर आपल्या बडोद्यातच छापला गेला. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९५० साली अपराजितपृच्छा आली आणि १९५८ साली विष्णुधर्मोत्तर पुराणाचा तिसरा खंड. मूर्ती कशी घडवावी, चित्र कसं काढावं याचे हे पायाभूत ग्रंथ. ही ग्रंथमाला काढणाऱ्या प्राच्यविद्या मंदिराच्या या कामाबद्दल बडोद्याच्या मराठी घरांत फारसं बोललं जात नाही, ते बोललं जावं.

हातांचा क्रम लागला की मग अर्थाकडे जायचं. तोही मनाने लावायची गरज नाही, कारण परंपरेने तो लिहून ठेवलाय. भागवताच्या बाराव्या स्कंधातला अकरावा अध्याय हाच प्रश्न घेऊन बसतो: भगवंताची अंगं, आयुधं आणि अलंकार ही कोणत्या तत्त्वांची रूपं? तिथे शंख हे जलतत्त्व आहे, सुदर्शन तेजतत्त्व. गदा म्हणजे ओज आणि बळ यांनी युक्त असं मुख्य तत्त्व, प्राण. तलवार आकाशतत्त्व, शार्ङ्ग धनुष्य काळ, आणि बाणांचा भाता कर्म. वनमाला ही नाना गुणांची माया, पीतांबर म्हणजे वेदांचे छंद, जानवं म्हणजे तीन मात्रांचा ओंकार. कानातली दोन मकरकुंडलं सांख्य आणि योग. आणि गरुड, ज्यावर तो बसतो, तो त्रिविध वेद.

हे वाचल्यावर 'शंख म्हणजे चांगलं बोला, गदा म्हणजे आळस मारा' अशा तक्त्यांची गरज उरत नाही. त्यांतला उपदेश वाईट असतो असं नाही. पण तो कुठल्याही देवाच्या कुठल्याही हाताला चिकटवता येतो, आणि जो अर्थ कुठेही चिकटतो तो त्या मूर्तीचा नसतो. काळाचं धनुष्य आणि कर्मांचा भाता एकाच हातून वापरले जातात, या कल्पनेपुढे थोडं थांबावं लागतं.

गणपतीकडे येऊ, कारण भाद्रपदात सगळ्यांत जास्त घोळ त्याच्याच हातांत होतो. अथर्वशीर्ष घरोघर म्हटलं जातं, सहस्रावर्तनंही होतात, पण त्यात मूर्तीचा नमुना दिलाय हे म्हणताना लक्षात येत नाही. 'एकदन्तं चतुर्हस्तं पाशमङ्कुशधारिणम्, रदं च वरदं हस्तैर्बिभ्राणं मूषकध्वजम्.' एक दात, चार हात; पाश, अंकुश, रद म्हणजे मोडलेला दात, आणि चौथा हात वरद. मोदक यात नाही. परशू नाही. उंदीर आहे, पण वाहन म्हणून नव्हे, ध्वजावर. पुढे रंग: रक्तवर्ण, तांबडं वस्त्र, तांबडं गंध, तांबडी फुलं. कान शूर्पासारखे, म्हणजे सुपासारखे. 'मोठे कान म्हणजे जास्त ऐका' असं सांगणाऱ्यांनी हा शब्द वाचलेला नसतो. सूप धान्य ठेवतं आणि फोलपट उडवतं, हे ज्या घरात सूप आहे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पाश आणि अंकुश ही माहुताची हत्यारं आहेत. फास टाकून रानातला हत्ती धरायचा आणि अंकुशाने त्याला चालवायचं. ज्याचं मस्तकच हत्तीचं, त्याच्याच हातात ही दोन्ही दिली आहेत. त्याला धरणारा आणि चालवणारा दुसरा कुणी नाही. गणपतीच्या रूपातली मला सगळ्यांत अर्थपूर्ण वाटते ती ही जागा, आणि बाजारातल्या मूर्तीत तीच आधी हरवते. पाशाच्या जागी कमळ येतं, अंकुशाच्या जागी कुऱ्हाड. कुऱ्हाड अगदीच चूक नाही, परशू धरणाऱ्या गणपतीची वर्णनं ग्रंथांत आहेत. पण मग ती मूर्ती अथर्वशीर्षातली उरत नाही एवढं आपल्याला माहीत असावं.

मूर्तिकाराकडे मूर्ती सांगायला जाल तेव्हा 'बालगणेश हवा' किंवा 'पगडीवाला हवा' एवढंच सांगून येऊ नका. चार हातांचं स्पष्ट सांगा: वरच्या उजव्या हातात अंकुश, वरच्या डाव्या हातात पाश, खालच्या उजव्या हातात दात, खालचा डावा वरद. मोदक हवाच असेल तर वरदऐवजी खालच्या डाव्या हातात द्या. सोंड डावीकडे वळते त्यामागेही ही सोय आहे, ती मोदकाकडे जाते. मोदक उजव्या हातात आणि सोंड डावीकडे अशी मूर्ती दिसली तर रचना जुळलेली नाही असं समजावं. वरद हात ओळखायचा तो असा: तळवा पुढे, बोटं खाली. तळवा पुढे आणि बोटं वर असली तर तो अभय. बाजारात बहुतेक मूर्तींचा एक हात अभय असतो आणि तळव्यावर ॐ किंवा स्वस्तिक असतं.

शाडूच्या मूर्तीत सर्वांत आधी मोडतात ती बोटं, त्यातही अभय हाताची, कारण ती वर मोकळी असतात. वरद हात मांडीला किंवा गुडघ्याला टेकलेला असतो, म्हणून टिकतो. ज्यांना मूर्ती रिक्षातून लांब न्यायची आहे त्यांनी वरद हाताचीच मूर्ती सांगावी. पाश आणि अंकुश शाडूचे करू नयेत; पितळी तारेचे किंवा पत्र्याचे वेगळे करून मुठीत बसवावेत, त्यासाठी मूर्ती ओली असतानाच मुठीत भोक ठेवायला सांगावं. वाळल्यावर भोक पाडायला गेलं की मनगटाला तडा जातो. आणि दात: एक पूर्ण, एक तुटका असे दोन्ही दिसले पाहिजेत. कित्येक मूर्तींत दोन्ही दात अखंड असतात आणि हातातही दात असतो, मग तो तिसरा आला कुठून?

आता बडोद्याच्या रस्त्यावर. इथल्या रिक्षांच्या मागे, दुकानांच्या गल्ल्यावर ज्या माता दिसतात त्या सगळ्या नव्या माणसाला एकाच साच्यातल्या वाटतात: चार हात, लाल किंवा हिरवी साडी, मुकुट, प्रसन्न चेहरा. ओळख वाहनावरून पटते. मगरीवर खोडियार. कोंबड्यावर बहुचरा. काळ्या बोकडावर मेलडी. सांडणीवर म्हणजे उंटिणीवर दशामा, जिच्या मातीच्या मूर्ती आषाढ अमावास्येपासून दहा दिवस घरोघर बसतात. जहाजावर असेल तर वहाणवटी सिकोतर, दर्यावर्दी लोकांची देवी. सिंह किंवा वाघ असेल तर अंबा.

मराठी माणसाची हमखास गल्लत होते ती मगरीवर. गंगा मकरावर असते, नर्मदाही मकरावर, आणि खोडियारही. हातात पाण्याचा कलश दिसला की नदी समजावी. त्रिशूल धरलेली, कलश नसलेली असेल तर खोडियार. यमुनेची गल्लत होत नाही, ती कासवावर असते. जुन्या देवळांच्या दरवाजाच्या दोन बाजूंना तळाशी मकरावर आणि कासवावर उभ्या दोन स्त्रिया दिसतात त्या या गंगा-यमुनाच. आत जाणारा त्यांच्यामधून जातो, म्हणजे उंबरठ्यावरच स्नान होतं.

पण वाहन एकटं पुरत नाही. कमाटीबागेतल्या संग्रहालयात बडोद्यातल्याच अकोट्याच्या धातूमूर्ती आहेत. १९५१ साली सापडलेल्या या साठ्यात ६८ मूर्ती होत्या. त्यातल्या अंबिकेजवळ सिंह आहे. सिंह बघून हात जोडणारे तिला दुर्गा समजतात. मांडीवर मूल आणि हातात आंब्यांचा घोस बघितला की कळतं, ही जैनांची यक्षी अंबिका, तीर्थंकर नेमिनाथांची शासनदेवता म्हणजे रक्षक देवी. हात जोडण्यात काहीच वावगं नाही. ओळखून जोडावेत एवढंच.

उलट बाजूनेही बघा. अंबाजीच्या मुख्य मंदिरात मूर्तीच नाही. तिथे वीसा यंत्राची पूजा होते आणि वस्त्रालंकार असे चढवतात की समोरून देवी बसल्यासारखी दिसते. पावागडावर कालिकेचा नुसता मुखवटा आहे, तांबडा. हात नाहीत म्हणून आयुधांचा प्रश्नच नाही. कॅलेंडरवर छापलेली 'पावागडची महाकाली' आठ-दहा हातांची असते, ती चित्रकाराची भर.

आपल्याकडच्या देवीचं याहून बोलकं उदाहरण कोल्हापूरचं. महालक्ष्मी म्हटलं की विष्णुपत्नी, कमळ, धनाच्या राशी असं डोळ्यांपुढे येतं. अंबाबाईच्या हातांत काय आहे ते क्रमाने वाचा: उजव्या खालच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), उजव्या वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल, डाव्या खालच्या हातात पानपात्र. कमळ कुठेच नाही. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. हे सप्तशतीला जोडून येणाऱ्या प्राधानिक रहस्यातलं वर्णन आहे, शब्दाला शब्द: 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती.' ती त्रिगुणा आद्यशक्ती महालक्ष्मी, जिच्यापासून पुढे महाकाली आणि महासरस्वती प्रकटतात. तिरुपतीच्या बालाजीची ही रुसलेली पत्नी, असं सांगणाऱ्या कथेला लोकांत मोठी जागा आहे. मूर्तीचे हात मात्र वेगळं सांगतात, आणि माझ्या लेखी हातांची साक्ष वरची.

दत्ताचं ध्यान तपासायला सर्वांत सोपं, कारण ते दत्तभक्तांच्या तोंडी असतं. 'मालाकमण्डलुरधः करपद्मयुग्मे, मध्यस्थपाणियुगले डमरूत्रिशूले, यस्य स्त ऊर्ध्वकरयोः शुभशङ्खचक्रे.' खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, ते ब्रह्म्याचे. मधल्या दोहोंत डमरू आणि त्रिशूल, ते शिवाचे. वरच्या दोहोंत शंख-चक्र, विष्णूचे. श्लोक पातळ्या सांगतो, डावं-उजवं सांगत नाही, म्हणून डमरू कोणत्या हातात यावरून मूर्ती चूक ठरवू नये. पातळी चुकली तर मात्र ती चूक. संगमरवरी मूर्तींत हे होतं, कारण त्रिशूळ लांब असल्यामुळे कारागिराला तो वरच्या हातात द्यायला सोपा जातो. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला जाणाऱ्या मंडळींनी येताना रस्त्यातल्या दुकानातून मूर्ती घेतली, तर पैसे देण्याआधी हा श्लोक एकदा मनात म्हणावा.

विठ्ठलाबाबत उलट गोष्ट: दोनच हात, दोन्ही कमरेवर, आयुध एकही उगारलेलं नाही. डाव्या हातात शंख आहे, उजव्यात कमळाचा देठ, पण ते कमरेशी इतके लागून असतात की दुरून दिसत नाहीत. 'सुंदर ते ध्यान' हा अभंग मूर्तिलक्षण म्हणून वाचला तर त्यात सगळं क्रमाने येतं: आसन म्हणून वीट, हातांची जागा, गळ्यात तुळशीहार, कासेला पीतांबर, कानी मकरकुंडलं, कंठी कौस्तुभ. 'ध्यान' हा शब्दच इथे त्या अर्थी आला आहे. मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरात किंवा कुठल्याही देवळात पोशाख चढवल्यावर यातलं निम्मं झाकतं, म्हणून मूर्ती वाचायची असेल तर पहाटे, पोशाखाआधी जावं.

हात तुटलेले असतील तेव्हा काय? डभोईच्या हिरा भागोळीवर म्हणजे जुन्या वेशीवर, पडक्या देवळांत बहुतेक मूर्तींचे हातच आधी गेलेले असतात. तेव्हा मस्तक बघायचं. उंच नळकांड्यासारखा किरीटमुकुट असेल तर विष्णू. जटांचा मुकुट असेल तर शिव किंवा ब्रह्मा. एकावर एक ठेवलेल्या चपट्या मडक्यांसारखा करंडमुकुट असेल तर देवी किंवा परिवारदेवता. मग पाय बघायचे: गुडघ्यांखाली लोंबणारी वनमाला विष्णूची. पायांशी दोन छोट्या आकृती असतील तर ती मूर्त झालेली आयुधं असू शकतात, आणि त्यांत स्त्री दिसली तर बहुधा ती गदा; गदा हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून शिल्पातही ती बाई. व्याकरणाने शिल्पाला हात घातल्याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

मापांचं थोडक्यात. मूर्तीची उंची १०८ भागांत विभागायची, त्या एका भागाला अंगुल म्हणायचं. चेहरा १२ अंगुलांचा म्हणजे एक ताल, म्हणून ही नवताल मूर्ती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला हिशोब असा: चेहरा १२, मान ४, गळ्यापासून हृदयापर्यंत १२, तिथून बेंबीपर्यंत १२, बेंबीखाली १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. बेरीज १०८. गणपती पंचताल, म्हणून तो लहान मुलासारखा दिसतो. सहा फुटी 'सिक्स पॅक' गणपती डोळ्यांना खटकतो याचं कारण भक्ती कमी-जास्त असण्यात नाही, तालात आहे. सोसायटीच्या आवारात देऊळ बांधणाऱ्यांसाठी त्याच ग्रंथातलं एक माप: दाराच्या उंचीतून तिचा आठवा भाग वजा करा, उरलेल्याचे तीन भाग करा, एक भाग पीठ, दोन भाग मूर्ती. दार ७२ इंच असेल तर वजा ९, उरले ६३. पीठ २१ इंच, मूर्ती ४२ इंच. पिठाचा विचार न करता आधी मूर्ती आणली की देवाचे डोळे चौकटीआड जातात. घरच्या पूजेसाठी मत्स्यपुराण अंगठ्याच्या पेरापासून एक वीत एवढीच उंची सांगतं. दोन फुटी संगमरवरी मूर्ती घरात शोभेला ठेवता येईल, नित्य पूजेला मात्र वीतभरच घ्यावी.

राजा रविवर्म्याशिवाय बडोद्यात हा विषय पुरा होत नाही. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, आणि १८९४ साली त्याचा मुंबईतला छापखाना सुरू झाल्यावर त्याच्या देवी घरोघर पोचल्या. त्याची १८९६ ची सरस्वती बघा. मागच्या हातांत माळ आणि पोथी, पुढच्या हातांत वीणा, आयुधक्रम जागच्या जागी आहे. बदललं ते भोवतालचं: श्वेतकमळाऐवजी खडक, शेजारी मोर. लक्ष्मीच्या चित्रात जुन्या गजलक्ष्मीचे दोन हत्ती, जे दोन बाजूंनी कलशांनी अभिषेक करतात, त्यांच्या जागी एकच हत्ती हार घेऊन आला. हातांना त्याने धक्का लावला नाही, म्हणून ती चित्रं देवघरात टिकली असं मला वाटतं. पुढच्या कॅलेंडरवाल्यांनी त्याची नक्कल करताना साडी उचलली, दागिने उचलले आणि पोथी गाळली.

शेवटी टाक. गायकवाडांबरोबर आणि नंतर जी मराठी घरं इथे आली त्यांच्या देवघरात कुळाचे टाक, म्हणजे कुलदेवतांच्या पत्र्यावरच्या छोट्या प्रतिमा आहेत, आणि ते झिजलेत. चांदीचा पातळ पत्रा ठोकून उठाव काढलेला असतो, मागे बहुधा तांब्याचा पत्रा. तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड टाकावर वापरली की दरवर्षी नाकडोळे थोडे थोडे जातात. चिंच आणि लिंबू तांब्या-पितळेसाठी ठीक, चांदीला नको. कोमट पाण्यात रिठा चुरून, मऊ सुती फडक्याने पुसावं. पंचामृताची साखर उठावाच्या खाचांत बसून काळी पडते, म्हणून अभिषेक झाल्यावर लगेच कोमट पाणी घालावं, संध्याकाळपर्यंत तसंच ठेवू नये.

चेहरा गेला असला तरी टाक ओळखता येतो. खाली घोडा आणि वर दोन आकृती असतील तर खंडोबा आणि म्हाळसा. घोड्याच्या पायांशी कुत्रं असेल तर शंकाच नाही. हात आठ आणि खाली आडवा पडलेला रेडा असेल तर भवानी. एकटा उभा पुरुष, हातांत तलवार, त्रिशूळ, डमरू, पात्र असेल तर भैरव किंवा जोतिबा. तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांना कुळाचं मूळ गाव विचारल्याशिवाय नाव ठरवू नये. जुना टाक फार झिजला म्हणून लगेच विसर्जन करण्याचीही घाई नको. शंभर वर्षांहून जुनी, थोरांनी स्थापलेली मूर्ती व्यंग असली तरी पूज्य, असं शिल्पशास्त्रातलं वचन आहे.

नवा करून घ्यायचाच असेल तर जुन्या टाकाचा फोटो तिरप्या उजेडात काढा. टाक टेबलावर आडवा ठेवून बाजूने टॉर्च धरला की समोरून न दिसणाऱ्या रेषा सावलीने उठतात. तो फोटो घेऊन सोनाराकडे जा आणि 'घोड्यावरचा देव' असं सांगू नका, कारण इथल्या बाजारात घोड्यावरचा देव म्हणजे रामदेवपीर, आणि तोच ठसा पुढे येईल. तो एकटा स्वार असतो, हातात भाला. आपल्याला हवेत दोन स्वार, पुढच्याच्या हातात तलवार आणि खाली कुत्रं. हे तिन्ही ठशात आहेत का ते चांदी ठोकण्याआधी बघा.